डोंगराची सवय, समुद्राची वेळ

पुण्याच्या मध्यमवर्गाला सहल करायला शिकवलं ते महाबळेश्वरानं. सकाळी न्याहारी आटोपून गाडी ठरवायची, गाडीवाल्याच्या यादीबरहुकूम आर्थर सीट, एल्फिन्स्टन, लॉडविक, विल्सन अशी ठिकाणं करत सुटायचं, प्रत्येक कठड्यापाशी फोटो काढायचा आणि गाडीत परत बसताना 'हा पॉइंट झाला' म्हणायचं. या 'झाला'मध्ये आपली सगळी सहल सामावलेली असते. डोंगरावर ही रीत चालूनही जाते, कारण डोंगर जागचा हलत नाही. लॉडविक पॉइंट सकाळी दहाला जिथे असतो तिथेच दुपारी चारलाही असतो. धुकं आडवं आलं तर तेवढंच नशीब. आता हीच सवय बरोबर घेऊन पुणेकर कुटुंबं विमानानं बेटांवर जाऊ लागली आहेत, आणि तिथे ती पदोपदी अडते. नकाशावर किनारा एका ठिपक्यावर दाखवता येतो, पण सकाळी सहाला तिथे जे असतं ते दुपारी बाराला नसतं. पाणी गेलेलं असतं, वारा फिरलेला असतो, परतीची बोट सुटलेली असते. बेटावरच्या कौटुंबिक मुक्कामाविषयी ज्या काही सूचना कामाच्या आहेत, त्या जवळपास सगळ्या या एका फरकातून निघतात. तो फरक कळला तर यादी आपोआप आखूड होते आणि सुट्टी लांबते.

उदाहरण म्हणून अंदमान घ्यावं, कारण मराठी माणसाचं बेट म्हणजे आधी अंदमान. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले विनायक दामोदर सावरकर ४ जुलै १९११ रोजी तिथे उतरले ते कैदी म्हणून; आज तिथल्या विमानतळाला त्यांचंच नाव आहे. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या सेल्युलर जेलच्या सात शाखांपैकी तीनच उरल्या आहेत, आणि त्यांतली सावरकरांची कोठडी पाहायला महाराष्ट्रातून माणसं श्रद्धेनं जातात. ती पाहून झाल्यावर मात्र सहलीचा हेतू बदलतो. यात्रा संपते आणि किनाऱ्यावरची विश्रांती सुरू होते, निदान सुरू व्हायला हवी. प्रत्यक्षात पाच-सहा दिवसांच्या कार्यक्रमात पोर्ट ब्लेअर (२०२४पासून श्री विजयपुरम), रॉस, नॉर्थ बे, हॅवलॉक, नील आणि वर बाराटांग एवढं सगळं कोंबलेलं असतं. २०१८मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. तिकिटांवर आणि लोकांच्या तोंडी जुनी-नवी दोन्ही नावं येतात, एवढं घरातल्या ज्येष्ठांना आधी सांगून ठेवलेलं बरं. पण खरा गोंधळ नावांचा नसतो, हिशेबाचा असतो. तीन ठिकाणी मुक्काम म्हणजे तीनदा सामान बांधणं, तीनदा खोली सोडणं, तीनदा धक्क्यावर वेळेआधी जाऊन रांगेत उभं राहणं. बोटीचा प्रवास दीड-दोन तासांचाच असला तरी त्यात निम्मा दिवस जातो. सहा दिवसांतले येण्या-जाण्याचे दोन वजा केले, बोटींचे दोन अर्धे-मुर्धे गेले, तर ज्या समुद्रासाठी एवढा खर्च केला त्याच्या वाट्याला उरतं काय?

पहिली फसगत सूर्य करतो. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. पुणे त्याच्या पश्चिमेला चौऱ्याहत्तर अंशांच्या जवळ, तर पोर्ट ब्लेअर पूर्वेला जवळजवळ त्र्याण्णव अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं या शाळेतल्या गणितानं दोन्ही गावांच्या मध्यान्हीत सव्वा तासाचं अंतर पडतं, पण मनगटावरचं घड्याळ मात्र एकच राहतं. डिसेंबरच्या मध्यात पुण्यात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहाला मावळतो. अंदमानात साडेपाचला उगवून पाचलाच मावळतो. म्हणजे पुण्यातल्या सुट्टीच्या सवयीनं साडेआठला उठून, सावकाश नाश्ता करून साडेदहाला किनाऱ्यावर पोचलेलं कुटुंब तिथल्या दिवसाचा सर्वांत चांगला भाग झोपेत घालवून आलेलं असतं. पुढचे चार तास विषुववृत्तापासून बारा अंशांवरचं ऊन डोक्यावर घ्यायचं, दुपारी खोलीत जाऊन पडायचं आणि साडेचारला चहा पिऊन बाहेर यायचं तर अंधार दाराशी आलेला. लहान मुलं असलेल्या घरानं हे घड्याळ पहिल्याच दिवशी बदलावं. पहाटे पाचला उठायचं, सहा ते नऊ पाण्यात, दहा ते तीन सावलीत, मग पुन्हा तास-दीड तास किनारा आणि आठला झोप. मुलांना हे जड जात नाही, मोठ्यांना जातं. आणि नाश्ता साडेसातच्या आत मिळत नसेल, तर आदल्या रात्री फळं आणि ब्रेड खोलीत मागवून ठेवता येतात. पुण्याहून लाडू-चिवड्याचा डबा नेण्याची आपली जुनी खोड इथे चक्क शास्त्रशुद्ध ठरते.

दुसरं घड्याळ भरती-ओहोटीचं, आणि ते कॅलेंडरच्या रूपानं आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेलं असतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी, हे कोकणात पोरासोरांनाही ठाऊक असतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, असाही तिकडचा आडाखा आहे. पंचमीला पावणेचारच्या सुमाराला भरती. हा आडाखा कोकणच्या किनाऱ्याचा आहे, बंगालच्या उपसागरात त्याची वेळ लागू पडत नाही. उधाण-भांगाचं तत्त्व मात्र तेच, आणि रोज भरती सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते हेही तेच. स्वराज द्वीपावरची बरीचशी रिसॉर्टं पूर्व किनाऱ्यावर, विजयनगर-गोविंदनगरच्या बाजूला आहेत. जाहिरातीतल्या फोटोत नारळाच्या बुंध्यापर्यंत निळं पाणी दिसतं, कारण फोटो भरतीचा असतो. ओहोटीला तेच पाणी दूर जातं आणि मागे खडक, मृत प्रवाळ आणि डबकी उरतात. त्या वेळी पोहणं होत नाही आणि अनवाणी चालणंही धोक्याचं. उलट शहीद द्वीपावरची खडकाची नैसर्गिक कमान पाहायची तर ओहोटीच गाठावी लागते. राधानगर पश्चिमेला आहे, वाळूचं आणि मोकळं. २०२०मध्ये त्याला स्वच्छ किनाऱ्याचं ब्लू फ्लॅग मानांकन मिळालं, आणि पोहायला बेटावर तेच जास्त सोयीचं. म्हणून खोली ठरवताना 'समुद्र किती मीटरवर आहे' एवढं विचारून भागत नाही. 'आम्ही येऊ त्या दिवसांत ओहोटी किती वाजता आणि तेव्हा तुमच्यासमोर पाणी असतं का', हा प्रश्न विचारावा. उत्तर ताबडतोब आणि नेमकं आलं तर ती माणसं समुद्राशेजारी खरोखर राहतात असं समजायला हरकत नाही.

तिसरं घड्याळ वाऱ्याचं, आणि ते शाळेच्या वेळापत्रकाशी फटकून चालतं. पुण्यातली कुटुंबं निघतात ती दिवाळीत, नाताळात किंवा मे महिन्यात. मान्सून अंदमानच्या समुद्रात मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पोचतो, म्हणजे आपल्याकडे आंबे संपायच्या आत तिथे पाऊस लागलेला असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ. नोव्हेंबर २०१३मध्ये 'लेहर' वादळ अंदमानवरूनच गेलं. डिसेंबर २०१६च्या सुरुवातीला, पुढे 'वरदा' झालेल्या हवामानानं बोटी बंद पडल्या आणि हॅवलॉक-नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले. त्यांना काढायला नौदलाला आणि तटरक्षक दलाला जहाजं पाठवावी लागली. समुद्र सर्वांत शांत असतो तो साधारण जानेवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत, आणि नेमकी तेव्हा आपल्याकडे परीक्षा असते. मग काय, दिवाळीत जाऊच नये? तसं नाही. दिवाळीनंतर बरेच दिवस निरभ्रही जातात. पण त्या दिवसांत जाणाऱ्यानं वेळापत्रकात एक मोकळा दिवस ठेवणं ही चैन नव्हे, तिकिटाइतकीच गरज आहे. परतीच्या विमानाआधीची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढायची, हा नियम घरातल्या कोणीही मोडू नये. पुण्याहून जाता-येता बहुधा चेन्नई, बंगळूरु किंवा कोलकात्यात विमान बदलावं लागतं, त्यामुळे एक बोट चुकली तर पुढची साखळीच तुटते. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या चार-पाच दिवस जास्तीच्या न्याव्यात, कारण मोठं सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरमध्ये आहे आणि छोट्या बेटावर प्राथमिक उपचारांपलीकडे फार काही नसतं. बोट लागण्यावरची गोळीही घरच्या डॉक्टरांना विचारून बोटीत चढण्याआधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नसतो.

इथे एक रास्त आक्षेप येतो. वर्षाकाठी रजा मोजकी, चार-पाच तिकिटांचा खर्च मोठा, पुन्हा अंदमानला जाणं होईल की नाही ठाऊक नाही; मग एकाच बेटावर चार रात्री काढून बाकीचं सोडून यायचं म्हणजे पैसे वाया घालवणं नाही का? आजी-आजोबांना तर 'सगळं पाहिलं' याचंच समाधान असतं. आक्षेप हिशेबाचा आहे, म्हणून हिशेबानंच तपासू. पैसे आपण दिवसांचे देतो, ठिकाणांचे नाही. मुक्काम हलवला की तो दिवस बोट, टॅक्सी आणि रांग खातात. पाच ठिकाणांचे पैसे भरून प्रत्येक ठिकाणी चुकीच्या वेळी पोचणं हे दोन ठिकाणी योग्य वेळी असण्यापेक्षा महागच पडतं. ज्येष्ठांचा प्रश्न त्याहून सोपा आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हलत्या बोटीत पाच वेळा चढा-उतरायला लावण्यापेक्षा, तळमजल्यावरच्या एकाच खोलीबाहेर खुर्ची टाकून रोज सकाळी पाणी पाहू देणं जास्त आदराचं. आठ दिवसांची साधी आखणी अशी होऊ शकते. पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअर आणि सेल्युलर जेल, तिथल्या दोन रात्री. मग एकाच बेटावर तीन-चार रात्री. शेवटी पुन्हा पोर्ट ब्लेअरमध्ये एक-दोन. समुद्रानं साथ दिली तर जास्तीचा दिवस रॉसच्या पडक्या इमारती पाहण्यात जाईल, नाही दिली तर तोच दिवस विमान वाचवील.

यादीतून पहिलं नाव खोडायचं तर ते बाराटांगचं. चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी पाहायला पोर्ट ब्लेअरहून पहाटे तीन-चारला निघायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या ताफ्यासाठी थांबायचं आणि दिवसभर रस्ता तुडवून रात्री परतायचं. लहान मुलांचे हाल तर होतातच, पण खरी हरकत वेगळी आहे. हा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. १९५६च्या नियमनानं त्यांना संरक्षण दिलं, २००२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा रस्ता राखीव क्षेत्रात बंद करण्याचा आदेश दिला, तरी वाहतूक चालू राहिली. २०१२मध्ये पर्यटकांसमोर जारवा स्त्रियांना नाचायला लावल्याची चित्रफीत उघड झाली तेव्हा देशाची मान खाली गेली. गाडी न थांबवणं, फोटो न काढणं, काही न देणं हे नियम आहेत आणि पुष्कळ लोक ते पाळतातही. पण गुहा हे निमित्त आणि 'ते दिसले का' हाच परतल्यावरचा प्रश्न असेल, तर मुलांना आपण काय दाखवायला नेलं होतं, हे आपल्यालाच विचारावं लागेल. ज्या सहलीचा आरंभ माणसांना कोठडीत घालणाऱ्या राज्याच्या निषेधानं होतो, तिनं दुसऱ्याच दिवशी माणसं काचेतून पाहायला जाणं शोभत नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीतही डोंगराची सवय दगा देते. कड्याजवळ जायचं नाही हे मुलाला एकदा सांगितलं की कडा रोज तिथेच असतो. समुद्राचा धोका जागा बदलतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याजवळच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. २६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ क्षमतेहून जास्त माणसं भरलेली पर्यटकांची बोट उलटून वीसहून अधिक जणांचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी सहलच होती आणि माणसं आनंदातच होती. म्हणून काही गोष्टींवर घासाघीस करू नये. बोटीत माणसं जास्त वाटली तर उतरून पुढची बोट घ्यावी, आणि लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं नसेल तर ते असून नसल्यासारखंच. हवा भरलेल्या रबरी कड्या तलावात ठीक. समुद्रात जमिनीकडून वारा सुटला की त्या मुलासकट आत जातात. लाटा फुटत असताना मधेच एखादा शांत, गढूळ पट्टा दिसला तर तो पोहायला सोयीचा वाटतो, पण बहुधा तिथूनच पाणी आत ओढलं जात असतं. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेनं झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडायचं. खाडीच्या मुखाशी आणि खारफुटीजवळ पाण्यात उतरू नये, कारण अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१०मध्ये हॅवलॉकला एका परदेशी तरुणीचा मगरीनं बळी घेतला. पाटी लावलेली असेल तर ती वाचण्यासाठी असते, आणि जीवरक्षक शिट्टी वाजवतो ती आपल्यासाठीच असते.

पाण्याखाली जाण्याची हौस आता पुण्यातल्या मुलांना चांगलीच असते, आणि ती दाबू नये. स्कूबाच्या पहिल्या अनुभवासाठी सर्वसाधारण वयोमर्यादा दहा वर्षांची आहे. त्याहून लहानांना स्नॉर्कलिंग पुरे. दम्याचा, कानाचा त्रास असेल तर फॉर्मवर तो लपवून 'काही नाही' लिहिणं म्हणजे आपल्याच मुलाशी खोटं बोलणं. डायव्हिंगनंतर विमानात बसण्याआधी एका डाइव्हला किमान बारा तास आणि एकाहून जास्त झाल्यास अठरा तास जाऊ द्यावेत, असा जाणकारांचा दंडक आहे. पुष्कळ प्रशिक्षक चोवीस सांगतात. म्हणजे पाण्यातला कार्यक्रम बेटावरच्या मुक्कामाच्या सुरुवातीला आणि संग्रहालयं शेवटी, ही आखणीही समुद्रच ठरवतो. प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर उभं राहायचं नाही. २०१०मध्ये पाणी तापून अंदमानातलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं होतं, आणि असं नुकसान भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. वाळूत पडलेलं मेलेलं प्रवाळही पिशवीत टाकायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला वाघाच्या पंक्तीला बसवलं आहे आणि विमानतळावर सामान तपासलं जातं.

आता दुसरा आक्षेप. ही सगळी डोकेफोड प्रवाशानं का करायची? पैसे मोजून चांगलं रिसॉर्ट घेतलं किंवा नावाजलेल्या कंपनीबरोबर गेलं, की वेळ-काळ सांभाळणं त्यांचं काम. यात तथ्य आहे. गटाबरोबर गेलं तर बोटीची तिकिटं, ज्येष्ठांची सोय आणि अडचणीत धावून येणारं माणूस मिळतं, आणि एकट्या आजी-आजोबांसाठी तो मार्ग उत्तमच. पण समुद्रापुढे पैशाची मर्यादा मालदीवमध्येही दिसते. तिथे एकेका बेटावर एकेकच रिसॉर्ट असतं, सगळं हाताशी असतं, तरी पाण्यावर उतरणारी छोटी विमानं उजेडातच उडतात; माले विमानतळावर संध्याकाळी उतरलेल्या पाहुण्याला दूरच्या बेटासाठी पुष्कळदा सकाळपर्यंत थांबावं लागतं. लक्षद्वीपला तर प्रवेशपरवान्यापासूनच सुरुवात होते. छत्तीस बेटांपैकी दहावरच वस्ती आहे. पण प्रवाळाच्या कड्यानं अडवलेलं तिथलं उथळ, शांत पाणी लहान मुलांसाठी अंदमानच्या मोकळ्या किनाऱ्यांपेक्षा पुष्कळदा अधिक सोयीचं. कंपनी तिकीट काढून देईल, पण भरती कधी आणि मूल कधी दमतं याचा मेळ घरच्यांनाच घालावा लागतो.

बेटावर मोजून वापरावी अशी शेवटची गोष्ट म्हणजे गोडं पाणी. चहूकडून पाण्यानं वेढलेल्या या जागी पिण्याजोगं पाणी पावसाचं साठवलेलं किंवा विहिरीचं असतं, आणि भाजीपाला, धान्य, गॅस यांतलं पुष्कळसं मुख्य भूमीवरून जहाजानं येतं. दिवसातून तीनदा अंघोळ करणाऱ्या पाहुण्यांचं पाणी बेटावरच्या कोणाच्या तरी हंड्यातून येत असतं. ही माणसं कोण? हॅवलॉक-नीलवर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना वसवलं गेलं. नीलच्या शेतांतली भाजी आजही आसपासच्या बेटांना जाते. म्हणून तिथे थालीपीठ आणि साबुदाण्याची खिचडी मागण्यापेक्षा, शाकाहाऱ्यानं आधी फोन करून 'तुमच्याकडे आज कोणती भाजी येते' हे विचारलं तर जेवण चांगलंही मिळतं आणि स्वस्तही. शाकाहारी जेवणासाठी वेगळी भांडी हवीत हेही आधीच सांगावं, ताटावर बसल्यावर नाही. रोख पैसे जवळ असावेत. २०२०मध्ये चेन्नईहून समुद्राखालची ऑप्टिकल केबल पोचली तेव्हापासून नेटवर्क सुधारलं आहे, पण छोट्या बेटावर त्याच्या भरवशावर राहू नये. संध्याकाळी वाळूतल्या चिलटांपासून वाचायला मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि खोबरेल तेल बरोबर असू द्यावं.

तिसरा आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत पुणेरी आहे. एवढे नियम पाळायचे तर सुट्टी कसली, त्यापेक्षा ताम्हिणी उतरून दिवेआगर बरं. हे उत्तर मुळीच वाईट नाही. उलट पहिल्यांदा समुद्राकाठी चार दिवस राहणाऱ्या कुटुंबानं आधी कोकणातल्या घरगुती निवासात ते करून पाहावं. भरती-ओहोटी, वारा आणि मुलांची झोप यांचा मेळ तिथे कमी खर्चात शिकता येतो, आणि चुकलं तर रात्रीपर्यंत घरी पोचता येतं. पण नियमांची ही यादी ओझं वाटते ती आपण ती जुन्या यादीच्या वर ठेवतो म्हणून. पाच पॉइंटही करायचे आणि भरतीही सांभाळायची, असं जमणार नाही. जुनी यादी सोडली की उरतं ते फारच थोडं. पहाटे उठायचं, पाणी असेल तेव्हा पाण्यात जायचं, नसेल तेव्हा सावलीत बसायचं, आणि एक दिवस हातचा राखायचा. राधानगरला तिसऱ्या सकाळी गेलेल्या मुलाला पाण्याची रेघ कालच्यापेक्षा खाली आहे हे कोणी न सांगता दिसतं. आदल्या दिवशी बांधलेला किल्ला कुठे गेला, हेही त्याला कळतं. पहिल्या सकाळी फोटो काढून निघून गेलेल्याला यातलं काहीच दिसत नाही, आणि त्याच्या लेखी तो किनारा 'झालेला' असतो.

तेव्हा पुढच्या सुट्टीची तिकिटं काढण्याआधी रिसॉर्टचे फोटो पाहण्यात एक संध्याकाळ जाणारच आहे, ती जाऊ द्यावी. मग स्वयंपाकघरातलं कॅलेंडर भिंतीवरून उतरवून अमावास्या-पौर्णिमा कधी येतात ते पाहावं, शाळेची सुट्टी त्याखाली मांडावी, आणि दोन्हींच्या मधे एक चौकोन कोरा सोडावा.